परतीचा हक्क आणि शेजारी

घरीं परत येणें हा कथावाङ्मयाचा फार जुना विषय आहे. होमरचा ओडिसियस वीस वर्षांनीं घरीं येतो तो धनुष्याला प्रत्यंचा चढविण्यासाठींच; त्याच्या घरांत ठाण मांडून बसलेल्यांचा संहार झाल्यावांचून त्याचें परत येणें पुरें होत नाहीं. महाभारतांत बारा वर्षांचा वनवास व एक वर्षाचा अज्ञातवास भोगून पांडव परत येतात. ते पांच गांवांवर समाधान मानावयास तयार असतात. पण सुईच्या अग्रावर मावेल इतकीहि भूमि त्यांना मिळत नाहीं, आणि कुरुक्षेत्र घडतें. तिसरी कथा रामाची. तेथें परतीची वाट निष्कंटक राहते, आणि ती तशी राहण्याचें श्रेय वनांत गेलेल्या रामाइतकेंच घरीं राहिलेल्या भरताला आहे. त्यानें सिंहासनावर पादुका ठेवल्या. म्हणजे हें आसन दुसऱ्याचें आहे, मी केवळ राखणदार आहें, असें तो चौदा वर्षें स्वतःला व प्रजेला सांगत राहिला. परतीच्या कथेचा शेवट युद्धांत व्हावयाचा कीं भेटींत, हें परतणाऱ्यावर अवलंबून असतें तितकेंच घरांत असणाऱ्यावरहि अवलंबून असतें, हा ह्या तिन्ही कथांचा इत्यर्थ होय.

पॅलेस्टाइनमधील निर्वासितांच्या परतीचा प्रश्न आज पाऊणशें वर्षांहून अधिक काळ जगापुढें पडून आहे. सन १९४८ च्या युद्धांत सात लक्षांहून अधिक अरब आपापल्या गांवांतून व शहरांतून भयानें बाहेर पडले अथवा बळानें बाहेर घालविले गेले. त्यांच्यापैकीं बहुतेकांना पुन्हां घरीं येऊं देण्यांत आलें नाहीं. वलीद खालिदी यांच्या संपादकत्वाखालीं १९९२ सालीं निघालेल्या ग्रंथांत ओसाड व उद्ध्वस्त झालेल्या ४१८ खेड्यांची गांववार नोंद आहे. परंतु ह्या प्रश्नाची राजकीय चर्चा करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु नाहीं. ह्या एका दुःखांतून अरबी आणि हिब्रू अशा दोन्ही भाषांत कांहीं उत्तम कथावाङ्मय निर्माण झालें आहे; आणि त्याच दुःखांतून परतीच्या हक्कासाठीं एक निःशस्त्र चळवळहि वाढली आहे, जींत अनेक देशांचे लोक सामील झाले आहेत. ह्या दोहोंचा एकमेकांशीं कांहीं संबंध आहे काय, आणि असल्यास त्या संबंधावरून वाङ्मयाच्या व चळवळीच्या मूल्यमापनाला कांहीं साह्य होतें काय, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

प्रथम हक्काच्या शब्दांकडे वळूं. ता. ११ डिसेंबर १९४८ रोजीं संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनें जो १९४ क्रमांकाचा ठराव केला, त्याच्या अकराव्या कलमांत हा हक्क सांगितला आहे. ज्या निर्वासितांना आपल्या घरीं परत जाऊन आपल्या शेजाऱ्यांसह शांततेनें राहण्याची इच्छा असेल, त्यांना शक्य तितक्या लवकर तसें करूं द्यावें, आणि जे परत जाऊं इच्छीत नसतील त्यांच्या मालमत्तेची भरपाई करावी, असा त्या कलमाचा आशय आहे. ह्या कल्पनेचा पाठपुरावा करणारे मध्यस्थ काउंट फोल्के बर्नाडोट यांचा त्यापूर्वींच, १७ सप्टेंबर १९४८ रोजीं, जेरुसलेम येथें एका जहाल ज्यू गटानें खून केला होता. कायद्याच्या रुक्ष भाषेंत 'शेजारी' हा एक शब्द येऊन गेला आहे. तो सहज आला असेल. पण वाङ्मयाच्या अभ्यासकाला तेथेंच थांबावेंसें वाटतें. हक्क घराचा आहे, पण तो शेजाऱ्यासकट सांगितला आहे. परतणाऱ्यानें भोंवतालच्या माणसाला माणूस म्हणून मान्य करावें, ही त्यांतील अट; आणि शेजाऱ्यानेंहि परतणाऱ्याला परका मानूं नये, ही त्याच अटीची दुसरी बाजू. इस्राएलनें हा हक्क कधींच मान्य केला नाहीं. इतके लोक परत आले तर ज्यूंना हक्काचें असें जें एकच राज्य आहे त्यांत तेच अल्पसंख्य होतील, हें त्याचें मुख्य म्हणणें. आणि युरोपांतील ज्यूंच्या संहारानंतर हें भय खोटें आहे असें कोणासहि म्हणवणार नाहीं. म्हणजे प्रश्न दोन भयांचा आहे, आणि भय हा कायद्याचा नव्हे, कथेचा प्रांत आहे.

ह्या वाङ्मयांतील पहिली महत्त्वाची कृति घर गमावलेल्याची नसून घर रिकामें करविणाऱ्याची आहे. एस. यिझहार (१९१६–२००६) ह्या हिब्रू लेखकाची 'खिर्बेत खिझे' ही दीर्घकथा १९४९ सालीं, म्हणजे युद्धाचा धुरळा पुरता बसण्यापूर्वींच, प्रसिद्ध झाली. यिझहार त्या युद्धांत स्वतः होता, आणि पुढें अनेक वर्षें तो इस्राएलच्या लोकसभेचा सभासद होता. तेव्हां हा कांहीं शत्रूचा आरोप नव्हे. कथानक म्हणावें असें त्यांत फारसें नाहीं. हिवाळ्यांतील एक निरभ्र दिवस, सैनिकांची एक तुकडी, एक अरब खेडें, आणि तें रिकामें करण्याचा हुकूम. धडधाकट माणसें आधींच पळालेलीं. उरलेलीं म्हातारीं, बायका व पोरें मालमोटारींत भरून पलीकडे धाडलीं जातात. कथा सांगणारा सैनिक दिवसभर चुळबुळत राहतो. एक स्त्री आपल्या मुलाचा हात धरून, डोळ्यांत पाणी असतांहि ताठ मानेनें, मोटारीकडे चालत जाते. तिच्याकडे पाहतां पाहतां त्याला उमगतें कीं, निर्वासन हा जो शब्द आपल्या लोकांनीं दोन हजार वर्षें आपलाच म्हणून उराशीं बाळगला, तोच आज आपण दुसऱ्याच्या पदरांत टाकीत आहों. येथें उद्यां आपले नवे लोक येतील, दुकान निघेल, शाळा निघेल, कदाचित् प्रार्थनामंदिरहि होईल, असें तो मनांत म्हणतो तेव्हां त्या उपरोधाची धार त्याच्या स्वतःवरच फिरलेली असते.

शेताभाताचें, पाऊलवाटांचें, पाऊस होऊन गेल्यानंतरच्या मातीचें जें वर्णन ह्या कथेंत आहे, त्यावरून लेखकाचें ह्या भूमीवरील प्रेम किती खोल आहे हें दिसतें. आणि त्या प्रेमामुळेंच त्याची यातना खरी वाटते. पुढें ह्या कथेला शाळांच्या अभ्यासक्रमांत स्थान मिळालें, आणि १९७८ सालीं तिच्यावरून दूरचित्रवाणीसाठीं चित्रपट झाला तेव्हां देशभर वादळ उठलें. एखाद्या राष्ट्रानें आपल्या जन्मकाळच्या अन्यायाची कथा आपल्या मुलांच्या हातीं द्यावी, हें सामान्य गोष्ट नव्हे. तथापि ह्या कथेंत एक उणीव आहे, आणि ती कलेची तितकीच नीतीची आहे. जाणाऱ्या गांवकऱ्यांना तींत नांवें नाहींत. तीं माणसें निवेदकाच्या अस्वस्थतेचें निमित्त होऊन राहतात. त्याच्या मनांतील खळबळ आपल्याला तपशीलवार कळते. त्या स्त्रीचें मात्र पुढें काय झालें, तिचें घर कोणतें, तिच्या अंगणांत काय होतें, हें कळत नाहीं. अनुताप आहे, पण ज्याच्याविषयीं अनुताप आहे तो मनुष्य पुरता दिसत नाहीं. सैनिक हुकूमहि मोडीत नाहीं. करुणरस येथें आहे. त्याला कृतीचें फळ मात्र येत नाहीं.

ह्याच घटनेकडे पलीकडून पाहणारा लेखक घस्सान कनफानी (१९३६–१९७२). तो अक्का येथें जन्मला. बाराव्या वर्षीं घर सुटलें. दमास्कस, कुवेत, बैरूत असा प्रवास करीत तो अखेर एका सशस्त्र डाव्या संघटनेचा प्रवक्ता व तिच्या साप्ताहिकाचा संपादक झाला. १९७२ च्या जुलैंत बैरूत येथें त्याच्या मोटारींत ठेवलेल्या स्फोटकानें तो व त्याची सतरा वर्षांची भाची ठार झालीं. त्याच्या 'उन्हांतील माणसें' (१९६३) ह्या दीर्घकथेंत तीन निर्वासित पोटासाठीं चोरून कुवेतला जावयास निघतात. ते पाण्याच्या रिकाम्या टाकींत लपलेले असतां नाक्यावरचे कारकून मोटारवाल्याशीं थट्टामस्करी करीत वेळ घालवितात, आणि भर उन्हांत ते तिघे आंतल्याआंत गुदमरून मरतात. ह्यांनीं टाकीला आंतून थापा कां मारल्या नाहींत, असें मोटारवाला शेवटीं आक्रोशून विचारतो. हा प्रश्न वाचकानें ध्यानांत ठेवावा. चळवळीचा विचार करतांना तो पुन्हां उपयोगी पडेल.

कनफानीची आपल्या विषयाला अधिक जवळची कृति म्हणजे 'हैफाला परत' (१९६९). एप्रिल १९४८ मध्यें हैफा शहर पडलें त्या गर्दींत सईद व सफिया हें जोडपें लोंढ्याबरोबर बंदराकडे ढकललें जातें, आणि पांच महिन्यांचें तान्हें मूल घरांत राहून जातें. वीस वर्षांनीं, १९६७ च्या युद्धानंतर सरहद्द खुली होते, तेव्हां तीं दोघें आपलें घर पाहावयास येतात. घर तसेंच आहे. दिवाणखान्यांतील फुलदाणींत पूर्वीं मोराचीं सात पिसें होतीं, आतां पांच आहेत, एवढा बारीक फरक सईदच्या डोळ्यांना प्रथम जाणवतो. घरांत मिरियम नांवाची पोलंडहून आलेली एक ज्यू विधवा आहे. तिचा बाप आउश्वित्झ येथें मारला गेला. हैफांत आल्या आल्या तिनें एका मेलेल्या अरब मुलाला लांकडाप्रमाणें मोटारींत फेंकतांना पाहिलें होतें, आणि तेव्हां तिला आल्या वाटेनें परत जावेंसें वाटलें होतें. टाकलेलें तें मूल तिनेंच वाढविलें. खलदूनचा डोव झाला आहे, आणि संध्याकाळीं तो इस्राएली सैनिकाच्या गणवेषांत घरीं येतो.

ह्या कादंबरिकेचा पूर्वार्ध, माझ्या मतें, विसाव्या शतकांतील कोणत्याहि भाषेंतील उत्तम कथांच्या पंक्तीस बसेल. ज्याचें स्वतःचें घर गेलें, जो एका लढाऊ संघटनेंत आहे, त्या लेखकानें आपल्या घरांत बसलेल्या स्त्रीला आउश्वित्झ द्यावें, तिला दयाबुद्धि द्यावी, तिला यजमानीण करावी, हें मोठ्या मनाचें व त्याहून मोठ्या कलेचें काम आहे. येथें शेजारी दिसला. उत्तरार्धांत मात्र कथेचा वादविवाद होतो. डोव आईबापांना विचारतो कीं, तुम्हीं वीस वर्षें रडण्याखेरीज काय केलेंत. सईद त्याला उत्तरें देतो. दोघांच्याहि तोंडीं माणसाच्या बोलण्यापेक्षां वृत्तपत्राच्या अग्रलेखाचा सूर अधिक आहे. अखेर, ह्या वादाचा निकाल युद्धावांचून लागणार नाहीं असें म्हणून सईद निघतो. आणि ज्या धाकट्या मुलाला त्यानें लढावयास जाऊं दिलें नव्हतें, तो आपल्या माघारीं निघून गेला असावा अशी आशा करीत तो घरीं जातो. प्रश्न उभा केला तो कलावंतानें, आणि सोडविला तो संघटनेच्या प्रवक्त्यानें.

ह्याच पुस्तकांत एक लहानशी उपकथा आहे. याफा येथील फारिस नांवाचा गृहस्थ असाच वीस वर्षांनीं आपल्या घरीं जातो. घरांत एक अरब बिऱ्हाड आहे. याफा सोडून न गेलेल्यांपैकीं तें एक. लढाईंत पडलेल्या फारिसच्या भावाची तसबीर त्या बिऱ्हाडानें भिंतीवर तशीच लावून ठेविली आहे; मुलांना तिच्या गोष्टी सांगत त्यांनीं ती सांभाळली आहे. फारिस ती मागून घेऊन निघतो, पण वाटेंतूनच परतून ती पुन्हां त्यांच्या स्वाधीन करतो. लेखकानें ह्या फारिसच्याहि हातीं शेवटीं शस्त्र दिलें आहे. तथापि वाचकाच्या मनांत राहते ती ती तसबीर. भरताच्या पादुकांचें काम येथें तिनें केलें आहे. गेलेल्याची जागा राखली गेली असेल तर परत आलेल्याच्या मनांतील हक्काची भावना सूडाची राहत नाहीं, ही गोष्ट कनफानीच्या प्रतिभेला दिसली होती, जरी त्याच्या सिद्धांताला ती मानवली नाहीं.

तिसरें पुस्तक एलियास खूरी (१९४८–२०२४) यांचें 'बाब अल्-शम्स', म्हणजे सूर्यद्वार. तें १९९८ सालीं निघालें. खूरी स्वतः निर्वासित नव्हेत; ते बैरूतचे ख्रिस्ती. लेबनानमधील छावण्यांतून वर्षानुवर्षें हिंडून त्यांनीं म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडून गोष्टी गोळा केल्या, आणि त्या एका कथासूत्रांत ओंवल्या. शातीला छावणीच्या पडक्या इस्पितळांत यूनुस नांवाचा जुना लढवय्या बेशुद्ध पडला आहे, आणि खलील नांवाचा एक अर्धशिक्षित डॉक्टर, तो मरूं नये म्हणून, रात्रंदिवस त्याला गोष्टी सांगत बसतो. यूनुसची बायको नहीला गॅलिलींत मागें राहिली. सरहद्द ओलांडून तो तिला एका गुहेंत भेटावयास जात असे. त्या गुहेचें नांव सूर्यद्वार. लोक त्याला वीर म्हणतात. पण पुस्तक पुढें जातें तसें ध्यानांत येतें कीं, खरी लढाई नहीलाची आहे. ती तेथेंच राहिली, तिनें मुलें वाढविलीं, तिनें घर सोडलें नाहीं. परतीच्या पराक्रमाहून टिकून राहण्याचा पराक्रम मोठा, हा ह्या कादंबरीचा मथितार्थ आहे.

तींतील उम्म हसन ह्या सुइणीची कथा 'हैफाला परत'शीं ताडून पाहावी. ही म्हातारी आपल्या कुवैकात गांवीं घर पाहावयास जाते. दार उघडणारी ज्यू स्त्री अरबी बोलते. ती मूळची बैरूतची, तेथील ज्यू मोहल्ल्यांतली. घरांत उम्म हसनचा मातीचा कुंजा अजून आहे. ती स्त्री म्हणते, हवा तर घेऊन जा; म्हातारी घेत नाहीं. मग दोघी बोलत बसतात, आणि ती घरमालकीण हिला बैरूतविषयीं विचारूं लागते. तिलाहि तें शहर सोडून आल्याचें दुःख आहे, तिलाहि परत जावयाचें आहे. येथें वाद नाहीं, आणि समेटहि नाहीं. कुंजा जागच्या जागीं राहतो, म्हातारी छावणींत परत येते. पण दोघींनीं एकमेकींना पाहिलें आहे. यिझहारला शेजारी पाठमोरा दिसला. कनफानीला समोरून दिसला, पण बोलतां बोलतां त्याचा प्रतिपक्षी झाला. खूरींना मात्र तो आपल्यासारखाच घर हरवलेला मनुष्य म्हणून दिसला. ह्या पुस्तकाला पसारा फार आहे, आणि गोष्टींत गोष्ट येऊन वाचक पुष्कळदां वाट चुकतो, हा दोष मान्य करूनहि मी त्याला तिघांत पहिलें स्थान देतों, तें ह्या कारणानें.

आतां चळवळीकडे वळतां येईल, कारण ह्याच पुस्तकाचें नांव चळवळीनें उचललें. ता. ११ जानेवारी २०१३ रोजीं जेरुसलेमच्या पूर्वेस, नवी ज्यू वसाहत होऊं घातलेल्या माळावर, सुमारें अडीचशें पॅलेस्टाइनी स्त्रीपुरुषांनीं तंबू ठोकले आणि त्या तंबूंच्या गांवाला बाब अल्-शम्स असें नांव दिलें. परदेशांतील कांहीं सहानुभूतिदारहि त्यांच्याबरोबर होते. दोन दिवसांनीं पहांटे पोलिसांनीं त्यांना उचलून नेलें. तो प्रश्न वसाहतींचा होता, १९४८ च्या निर्वासितांचा नव्हता, हें खरें. पण कादंबरींतील गुहेचें नांव घेऊन माणसांनीं उघड्या माळावर गांव वसवावें, ह्यावरून त्या लोकांच्या मनांत वाङ्मयाचें स्थान कोणतें आहे तें समजतें.

परतीच्या चळवळीचे प्रकार निरनिराळे आहेत, पण सर्वांचें मर्म एकच: नाहीं म्हटलेली वस्तु आहे असें दाखविणें. १९५० च्या अनुपस्थितांच्या मालमत्तेच्या कायद्यानें देशांतच राहिलेल्या पुष्कळ अरबांना घरापुरतें अनुपस्थित ठरविलें, आणि त्यांच्यासाठीं 'उपस्थित-अनुपस्थित' असा विलक्षण शब्दप्रयोग रूढ झाला. कवि महमूद दरवीश अशांपैकींच एक. असल्या भाषेला उत्तर देतांना चळवळीनें प्रथम नांवांचा आश्रय केला. तेल अवीव येथें २००२ सालीं इस्राएली ज्यूंनींच 'झोख्रोत' ही संस्था काढली. ह्या हिब्रू शब्दाचा अर्थ 'स्मरण करणाऱ्या', आणि तो हेतुपूर्वक स्त्रीलिंगी ठेविला आहे. ह्या संस्थेचे लोक आपल्या देशबांधवांना उद्ध्वस्त खेड्यांच्या जागीं घेऊन जातात व तेथें हिब्रू आणि अरबींत गांवाच्या नांवाची पाटी लावतात. यिझहारच्या सैनिकाला जें जमलें नाहीं तें त्याच्या नातवंडांच्या पिढीनें केलें: गेलेल्यांना नांवें दिलीं.

इक्रित गांवाची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. १९४८ च्या नोव्हेंबरांत गांवच्या लोकांना पंधरा दिवसांपुरतें बाहेर जाण्यास सांगण्यांत आलें. दिवस गेले, वर्षें गेलीं. १९५१ च्या जुलैंत इस्राएलच्याच उच्च न्यायालयानें त्यांच्या बाजूनें निकाल दिला. आणि त्याच वर्षीं नाताळच्या सुमारास सैन्यानें गांवांतील घरें सुरुंगानें उडविलीं. देऊळ तेवढें राहिलें. मेलेल्यांना मात्र तेथें पुरावयास पुढें परवानगी मिळाली. गांवच्या नातवंडांनीं २०१२ पासून त्या देवळाला लागून मुक्काम ठोकला, भाजीपाला लावला. जें लावलें तें अधिकाऱ्यांनीं उपटलें. तीं पुन्हां लावीत राहिलीं.

समुद्रावरचा प्रयत्नहि झाला. १९८८ सालीं 'परतीची नौका' म्हणून एक जहाज घेण्यांत आलें. हद्दपार केलेले पॅलेस्टाइनी, त्यांच्यासमवेत अनेक देशांचे वार्ताहर व सहानुभूतिदार, ह्यांत कांहीं ज्यूहि, असें तें हैफाकडे नेण्याचा बेत होता. १९४७ सालीं छळछावण्यांतून वांचलेल्या साडेचार हजार ज्यूंना घेऊन निघालेल्या आणि ब्रिटिशांनीं परत फिरविलेल्या 'एक्झोडस' जहाजाची आठवण जगाला व्हावी, हा त्यांतील उद्देश. म्हणजे शेजाऱ्याच्याच इतिहासांतील दृष्टांत त्याच्यापुढें ठेवावयाचा होता. १५ फेब्रुवारी १९८८ रोजीं सायप्रसच्या लिमासोल बंदरांत स्फोट होऊन तें जहाज निकामी झालें, आणि यात्रा निघालीच नाहीं.

आणि मग २०१८ ची गाझांतील 'परतीची महायात्रा'. अहमद अबू अर्तीमा ह्या तरुण लेखकानें लिहून सुचविलेल्या कल्पनेंतून ती वाढली: निर्वासितांनीं सहकुटुंब सरहद्दीपासून कांहीं अंतरावर तंबू ठोकावेत, स्वयंपाक करावा, गाणीं म्हणावींत, आणि आपण परत येऊं इच्छितों एवढें जगाला दाखवावें. गाझाच्या लोकसंख्येपैकीं सुमारें सत्तर टक्के लोक निर्वासितांच्या कुळांतलेच. ३० मार्च रोजीं आरंभ झाला. संयुक्त राष्ट्रांनीं नेमलेल्या चौकशी मंडळाच्या अहवालाप्रमाणें त्या वर्षाअखेरपर्यंत ह्या निदर्शनांत १८९ पॅलेस्टाइनी मारले गेले, त्यांत ३५ मुलें होतीं. ही यात्रा सर्वांशीं निःशस्त्र राहिली असें म्हणतां येत नाहीं. कुंपणाशीं दगड फेंकले गेले, आगीचे पतंग उडविण्यांत आले, आणि लढाऊ पक्षांनीं तिच्यांत आपला हात घातला. पण तंबूंतून बसलेले सहस्रावधि लोक निःशस्त्र होते, आणि पडलेल्यांत शुश्रूषा करणारे व वार्ताहरहि होते, हेंहि तितकेंच खरें.

येथें आपल्याकडील एका जुन्या वादाची आठवण होणें अपरिहार्य आहे. ता. २६ नोव्हेंबर १९३८ च्या 'हरिजन'मध्यें गांधीजींनीं ज्यूंविषयीं एक लेख लिहिला. पॅलेस्टाइन ही अरबांची भूमि आहे असें सांगून त्यांनीं जर्मनींतील ज्यूंना सत्याग्रहाचा उपदेश केला, आणि अरबांनींहि आपल्या प्रतिकारांत अहिंसेचा मार्ग धरला असता तर बरें झालें असतें असें म्हटलें. दुसऱ्याच वर्षीं जेरुसलेमहून मार्टिन बूबर व यहूदा मॅग्नेस ह्या दोघां थोर ज्यू विचारवंतांनीं त्यांना पत्रें लिहिलीं. हे दोघेहि अरबांशीं सलोखा व्हावा म्हणून झटणारे होते. बूबर यांचा एक मुद्दा आजहि निरुत्तर करणारा आहे: जेथें आत्मबलिदान पाहणारा कोणी नाहीं, तेथें तें वाऱ्यावर जातें. सत्याग्रह हा साक्षीदाराची अपेक्षा करतो. आंधळ्या यंत्रापुढें केलेल्या त्यागाचा आवाज कोणाच्या कानीं पडावयाचा?

कनफानीच्या टाकींतील माणसांचा प्रश्न येथें उलटा फिरतो. थापा कां मारल्या नाहींत, असें आपण विचारतों. पण बाहेर ऐकणारें कोणी होतें काय, हेंहि विचारलें पाहिजे. परतीच्या चळवळींत परदेशच्या माणसांचें प्रयोजन हेंच आहे. तीं मुक्तिदाते नव्हेत, आणि पुष्कळदां तीं स्वतःच्या पुण्याईवरच लुब्ध असतात, हा आक्षेपहि कांहीं अंशीं खरा आहे. तथापि २००८ च्या ऑगस्टांत सायप्रसहून दोन लहान नौका घेऊन नाकेबंदींतील गाझाला पोंचलेले चाळीसेक स्त्रीपुरुष असोत, किंवा ओसाड गांवाच्या जागीं पाटी लावणारा तेल अवीवचा एखादा शिक्षक असो, त्यांचें काम साक्षीदाराचें आहे. आणि कथाकाराचें काम तरी दुसरें कोणतें?

आज ह्या साऱ्या बोलण्याला एक क्रूर पार्श्वभूमि आहे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजीं हमासच्या लोकांनीं दक्षिण इस्राएलांत सुमारें बाराशें माणसें मारलीं व अडीचशेंच्या आसपास ओलीस नेलीं. त्यानंतरच्या युद्धांत गाझाच्या आरोग्य खात्याच्या गणनेप्रमाणें सत्तर हजारांवर माणसें मेलीं, आणि जवळजवळ सारी वस्ती एकदां नव्हे तर अनेकदां विस्थापित झाली. २०२५ च्या जानेवारींत तात्पुरती शस्त्रसंधि झाली तेव्हां लक्षावधि लोक समुद्रकांठच्या रस्त्यानें, पोरेंबाळें व बोचकीं घेऊन, उत्तरेकडील आपल्या घरांकडे पायीं निघाले. पुष्कळांना ढिगारा सांपडला. अशा वेळीं शेजाऱ्याची भाषा बोलणें हें दूर बसलेल्याचें सोयीचें तत्त्वज्ञान आहे, असें कोणी म्हणेल. ज्याचें घर गेलें त्यालाच प्रेमाचाहि उपदेश करावयाचा काय?

ह्या आक्षेपाला माझें उत्तर असें कीं, शेजाऱ्याची कसोटी प्रथम घरांत असणाऱ्याला लागू आहे. पादुका सिंहासनावर ठेवण्याचें कर्तव्य भरताचें, वनांत गेलेल्याचें नव्हे. हक्क मान्य करणें आणि त्याची अंमलबजावणी कशी, किती, कोणत्या क्रमानें करावयाची हें ठरविणें, ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली न्यायाची, दुसरी वाटाघाटीची. परत जावें कीं भरपाई घ्यावी हें निवडण्याची मुभा त्या ठरावानेंच निर्वासिताला दिली आहे, आणि निवडीचा अधिकार मिळाला म्हणजे प्रत्येक जण एकच निवड करतो असें नाहीं. उम्म हसननें आपला कुंजा घेतला नाहीं. पण तिला तो देऊं करणारें कोणी भेटलें पाहिजे. जेथें पहिली गोष्टच नाकारली जाते तेथें दुसरीचा विचार शस्त्रधारी करूं लागतात, आणि ते ती युद्धानेंच सोडवूं पाहतात, जसें सईदनें ठरविलें. निःशस्त्र चळवळीची थोरवी ही कीं, तिनें हक्क टाकला नाहीं आणि शेजारीहि टाकला नाहीं. ज्या ज्या वेळीं तिनें दोहोंपैकीं एक सोडलें, त्या त्या वेळीं ती दुबळी झाली.

हीच कसोटी वाङ्मयालाहि लावावी. दुःखाची सत्यता, वर्णनाची शक्ति, भाषेचें सौष्ठव हीं यिझहार व कनफानी ह्या दोघांतहि विपुल आहेत. पण ज्या कथेला आपल्या घरांतील दुसरा मनुष्य शेवटपर्यंत मनुष्य म्हणून दिसत राहतो, तीच कथा आपल्या विषयाच्या उंचीला पोंचते. हीं तिन्ही पुस्तकें इंग्रजींत उपलब्ध आहेत. ज्यांना वृत्तपत्रांतील आंकड्यांनीं मन बधिर झाल्यासारखें वाटतें, त्यांनीं तीं ह्याच क्रमानें वाचावींत: प्रथम 'खिर्बेत खिझे', मग 'हैफाला परत', आणि मग, सवड काढून, 'बाब अल्-शम्स'. वाचल्यानें कोणाचें घर परत मिळणार नाहीं, हें उघडच आहे. पण टाकीच्या आंतून थाप ऐकूं आली तर ती ओळखण्याइतका कान तयार होईल. आणि साक्षीदाराच्या अंगीं एवढी योग्यता तरी असलीच पाहिजे.